मूत्रपिंडविकार, तज्ज्ञ डॉक्टर आणि शासकीय आरोग्य योजना : एक अभ्यास

आपल्या संस्थेच्या कार्यालयात पूर्वी शिष्यवृत्तीचे अर्ज, जातपडताळणी आणि वसतिगृह यांसाठी माणसे येत असत. आजही येतात. परंतु गेल्या काही वर्षांत आजाराची फाईल काखेत घेऊन येणारांची संख्या वाढली आहे, आणि त्यांतही "किडनी खराब झाली म्हणतात, कोणत्या डॉक्टरकडे जावे? आणि तिथे कार्ड चालेल काय?" हा प्रश्न आम्हाला वारंवार ऐकावा लागतो. दोन प्रश्न एका श्वासात विचारले जातात, पण त्यांची उत्तरे दोन निरनिराळ्या ठिकाणी मिळतात. ती शोधताना आम्हीही पुष्कळ चुकलो. त्या चुकांतून जे हाती आले ते सभासद बंधू-भगिनींपुढे आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख. विद्यार्थ्यांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. घरात कागद वाचणारा, फोन लावणारा आणि खिडकीवर उभा राहणारा बहुधा तोच असतो.

प्रथम एक हकीकत सांगतो. नाव देत नाही. नागपूरजवळच्या एका तालुक्यातील गवंडीकाम करणारे एक गृहस्थ, वय पन्नाशीच्या पुढे. मधुमेह जुना, त्याच्या गोळ्या कधी घेतल्या तर कधी नाही. गुडघे दुखतात म्हणून मेडिकल स्टोअरमधून वेदनाशामक गोळ्या मात्र नेमाने घेत. पायांना सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, भूक गेली. गावच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, तेव्हा क्रिएटिनीन पाचाच्या घरात निघाले. डॉक्टर म्हणाले, "किडनीच्या मोठ्या डॉक्टरला दाखवा." एवढेच. कोणत्या, कुठे, काही नाही.

घरच्यांनी 'किडनी' असा शब्द असलेली पाटी शोधली आणि तिथे गेले. तीन फेऱ्या झाल्या, सोनोग्राफी दोनदा झाली आणि मग समजले की ते डॉक्टर मुतखड्याची व प्रोस्टेटची शस्त्रक्रिया करणारे आहेत. ते सज्जन होते, त्यांनीच सांगितले की हा माझा रोगी नव्हे. पण तोवर तीन आठवडे गेले होते. त्यानंतर एका खाजगी रुग्णालयात गेले. हे रुग्णालय शासकीय योजनेच्या यादीत आहे असे कोणी तरी सांगितले होते. तिथल्या काउंटरवर उत्तर मिळाले, "भाऊ, किडनीला आमच्याकडे कार्ड चालत नाही. वीस हजार डिपॉझिट भरा, मग पाहू." बाईंनी कानातले गहाण ठेवले आणि पैसे भरले. आमच्याकडे ही मंडळी आली ती त्यानंतर चौथ्या दिवशी.

या हकीकतीत मुख्य चुका तीन आहेत आणि तिन्ही आपल्यापैकी कोणाकडूनही होण्यासारख्या आहेत. म्हणून एकेकीकडे पाहू.

तज्ज्ञ कोणाला म्हणावे

मूत्रपिंडाशी संबंध असलेले तज्ज्ञ दोन प्रकारचे असतात. नेफ्रॉलॉजिस्ट हा औषधोपचार करणारा. मूत्रपिंडाची गाळण्याची शक्ती का कमी होते, ती कशी टिकवावी, डायलिसिस केव्हा सुरू करावे आणि प्रत्यारोपणानंतर औषधे कशी द्यावीत हे त्याचे क्षेत्र. यूरॉलॉजिस्ट हा शल्यचिकित्सक. मुतखडा, प्रोस्टेट, मूत्रमार्गातील अडथळा, गाठ ही कामे त्याची. पाटीवरील 'किडनी' या शब्दावरून काही कळत नाही. डॉक्टरांच्या नावाखालची पदवी वाचावी. एम.डी. नंतर डी.एम. किंवा डी.एन.बी. (नेफ्रॉलॉजी) असेल तर तो नेफ्रॉलॉजिस्ट, एम.एस. नंतर एम.सीएच. किंवा डी.एन.बी. (यूरॉलॉजी) असेल तर तो यूरॉलॉजिस्ट. ही वरची पदवी एम.डी. झाल्यावर आणखी तीन वर्षे शिकून मिळते. असे डॉक्टर थोडे आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. तालुक्याला 'आमचे किडनीतज्ज्ञ' म्हणून जे सांगितले जातात ते पुष्कळदा शहरातून आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एक दिवस येणारे असतात. त्यात गैर काही नाही. मात्र कोणत्या वारी येतात आणि त्या दिवशी योजनेचे रुग्ण पाहतात काय, हे आधी विचारले पाहिजे.

प्रत्येक रुग्णाला नेफ्रॉलॉजिस्ट लागतोच असे नाही, हेही सांगितले पाहिजे. नुसत्या क्रिएटिनीनच्या आकड्याने घाबरून जाऊ नये आणि तो आकडा 'नॉर्मल' आहे म्हणून निर्धास्तही राहू नये. मूत्रपिंडाचे जवळजवळ निम्मे काम मंदावेपर्यंत क्रिएटिनीन फारसे वाढत नाही. म्हणून वय आणि लिंग धरून त्यावरून 'ई-जीएफआर' नावाचा आकडा काढतात. आजकाल अनेक प्रयोगशाळा तो अहवालातच छापतात. ढोबळ अर्थ असा, की हा आकडा तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला तर दीर्घकालीन मूत्रपिंडविकार आहे असे मानतात, आणि १५ च्या खाली गेला तर शेवटचा टप्पा. जोडीला लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनीन यांचे प्रमाण तपासतात. हे प्रमाण ३० च्या वर असेल तर आकडा ६० च्या वर असला तरी मूत्रपिंडाला इजा होत असल्याची ती खूण असू शकते. सुरुवातीच्या अवस्थेत जवळचा चांगला एम.डी. फिजिशियनदेखील साखर आणि रक्तदाब काबूत ठेवून रुग्णाला सांभाळू शकतो. ई-जीएफआर ३० च्या खाली गेला, किंवा झपाट्याने उतरू लागला, लघवीतून प्रथिने फार जाऊ लागली, किंवा तीन-चार औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर मात्र नेफ्रॉलॉजिस्टकडे जाण्यास विलंब लावू नये. आमच्या त्या गृहस्थांचे ई-जीएफआर काढले तेव्हा ते १५ च्या आतच भरले. पाच-सहा वर्षांपूर्वी कोणी लघवी तपासली असती तर, असे मनात येऊन गेले. पण ते बोलून उपयोग नव्हता.

यादीत रुग्णालय असते, आजार नसतो

आता कार्डाकडे वळू. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर गेली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली आणि पुढे आपल्या राज्यात दोन्ही एकत्र राबविल्या जाऊ लागल्या. पूर्वी फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते आणि पिवळी व केशरी शिधापत्रिका हा मुख्य आधार होता. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही मर्यादा पाच लाख करण्यात आली, पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबेही आत घेण्यात आली आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाची रक्कम अडीच लाखांवरून साडेचार लाख करण्यात आली. हा विस्तार १ जुलै २०२४ पासून प्रत्यक्षात आला. सत्तर वर्षे व त्यापुढील वृद्धांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड देण्याचे २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाले. आजही "आमचे कार्ड पांढरे आहे, आम्हाला काही मिळत नाही" असे म्हणणारे लोक भेटतात, म्हणून हा इतिहास दिला.

अडचण कार्डाची कमी आणि यादी वाचण्याची जास्त आहे. रुग्णालय योजनेत अंगीकृत होते ते शाखेनुसार. एखादे रुग्णालय हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी योजनेत असेल, हृदयासाठी असेल, पण नेफ्रॉलॉजीसाठी नसेल. अशा ठिकाणी काउंटरवरचा माणूस "किडनीला कार्ड चालत नाही" म्हणाला तर ते कदाचित खरेच असते. चूक अशी की तो पुढचे वाक्य बोलत नाही : "अमुक रुग्णालयात चालते, तिथे जा." उलट डिपॉझिट मागतो. म्हणून विचारताना "तुमच्याकडे योजना आहे काय?" असे विचारू नये. "नेफ्रॉलॉजी या शाखेसाठी तुमचे रुग्णालय अंगीकृत आहे काय? डायलिसिससाठी आहे काय? फिस्टुला योजनेत करून देता काय?" असे तीन वेगळे प्रश्न विचारावेत. आणि ते काउंटरवर न विचारता आरोग्यमित्राला विचारावेत. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. तिथे बसणारा माणूस रुग्णालयाचा नोकर नसून योजनेचा असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो जागेवर नसेल तर योजनेचा १५५३८८ हा क्रमांक किंवा १८००२३३२२०० हा नि:शुल्क क्रमांक फिरवावा. आयुष्मान भारतचा क्रमांक १४५५५ आहे. फोनवर जिल्हा आणि शाखा सांगितली की रुग्णालयांची नावे विचारता येतात. ती लिहून घ्यावीत, बोलणाऱ्याचे नाव व तारीखही लिहावी.

आणखी एक बारकावा आहे. यादीत डायलिसिस केंद्रे पुष्कळ दिसतील. यंत्रे असतात, तंत्रज्ञ असतात, एक वैद्यकीय अधिकारी असतो. पण नेफ्रॉलॉजिस्ट रोज असतोच असे नाही. डायलिसिस मिळणे आणि तज्ज्ञाचा सल्ला मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. महिन्यातून किमान एकदा तरी तज्ज्ञ रुग्णाचे अहवाल पाहतो काय, हे केंद्रात विचारण्यात संकोच करू नये.

ओपीडीचा प्रश्न

आमच्या मते सर्वांत मोठा गैरसमज येथे आहे. या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांच्या आहेत. डायलिसिस, फिस्टुला, प्रत्यारोपण यांना त्यांत जागा आहे. पण दरमहा डॉक्टरांना दाखविणे, रक्त तपासणे, रक्तदाबाच्या व साखरेच्या गोळ्या घेणे हा खर्च त्यात सहसा येत नाही. म्हणजे मूत्रपिंड वाचविता येण्यासारखे असते त्या काळात कार्ड फारसे उपयोगी पडत नाही, आणि ते गेल्यावर उपयोगी पडते. ही रचना आम्हाला उलटी वाटते. पण आहे ती अशी आहे, आणि तिच्यातूनच वाट काढली पाहिजे.

ती वाट म्हणजे शासकीय व महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांचा बाह्यरुग्ण विभाग. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे, म्हणजे ज्याला आपण 'मेडिकल' म्हणतो त्याचे, सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे. तिथे नेफ्रॉलॉजी विभाग आहे आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणही होते. मुंबईत के.ई.एम. व जे.जे. येथे हे विभाग आहेत. तिथे केसपेपर काढून थोड्या पैशांत तज्ज्ञ डॉक्टर पाहतात. गर्दी असते, दिवस मोडतो, हे खरे. म्हणून ओपीडीचे वार आदल्या दिवशी विचारून घ्यावेत आणि सकाळी लवकर जावे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतची तपासणी व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून नि:शुल्क करण्यात आले. तेव्हा एकदा मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञाकडून उपचाराची दिशा ठरवून घ्यावी, आणि महिन्याच्या गोळ्या व साध्या तपासण्या जवळच्या शासकीय दवाखान्यातून घ्याव्यात, अशी जोडणी करता येते. आम्ही ती अनेकांसाठी केली आहे.

ज्यांच्या घरात कोणी कारखान्यात किंवा दुकानात नोकरीला आहे, त्यांनी राज्य कामगार विमा, म्हणजे ई.एस.आय., तपासून पाहावा. या विम्यात ओपीडी व औषधेही येतात आणि आई-वडील अवलंबून असतील तर त्यांनाही लाभ मिळतो. वेतनाची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये करण्यात आली. मार्ग ठरलेला आहे : आधी विमा दवाखाना, तिथून विमा रुग्णालय, तिथून चिठ्ठी घेऊन करार असलेले मोठे रुग्णालय. चिठ्ठीशिवाय थेट गेल्यास पैसे परत मिळविणे कठीण. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे सभासद असताना १९४३ साली प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम देण्यात आले. १९४४ साली अहवाल आला आणि त्यातूनच पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. आपल्याच वस्तीतील किती तरी मुलांच्या पगारातून ही वर्गणी दरमहा कापली जाते आणि घरी आजारी बापाचा उपचार उसने पैसे काढून चालतो. पगाराची चिठ्ठी एकदा नीट वाचा.

कागद

आता त्या गृहस्थांकडे परत येतो. नागपूरच्या ओपीडीत नेफ्रॉलॉजिस्टनी तपासले. त्यांनी वेदनाशामक गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या, रक्तदाबाचे औषध बदलले, मीठ व पाणी किती घ्यावे ते सांगितले आणि म्हणाले की आज लगेच डायलिसिस नको, पण काही महिन्यांत लागेल. तोवर हाताची फिस्टुला करून ठेवा. फिस्टुला म्हणजे हातातील रोहिणी व नीला जोडण्याची छोटी शस्त्रक्रिया. ती पक्व व्हायला सहसा दीड-दोन महिने लागतात. आधी केली तर डायलिसिस त्यातून होते, नाही तर घाईत मानेत नळी घालावी लागते आणि तिच्यातून जंतुसंसर्गाचा धोका जास्त. त्या हातावर नंतर सुई टोचू देऊ नये, रक्तदाबही मोजू देऊ नये. कावीळ-ब ची लस घेण्यासही डॉक्टरांनी सांगितले.

फिस्टुला योजनेत करायची ठरली, आणि कागद अडले. शिधापत्रिकेवर त्यांचे नाव मोठ्या भावाच्या कुटुंबात होते, विभक्त होऊन पंधरा वर्षे झाली तरी. आधार कार्डावर वडिलांच्या नावात एक अक्षर निराळे. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत नाव कमी करणे, नवे चढविणे, मग आयुष्मान कार्डाची ओळख पडताळणी, यांत सहा आठवडे गेले. आमचे दोन विद्यार्थी कार्यकर्ते त्यामागे लागले नसते तर किती गेले असते कोण जाणे. म्हणून सर्व सभासदांना आग्रहाची विनंती, की घरात कोणी आजारी नसताना शिधापत्रिका आणि आधार कार्ड शेजारी ठेवून प्रत्येकाचे नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. सून आली, मूल झाले, भाऊ वेगळा झाला, त्याची नोंद त्याच वर्षी करा. तातडीचा प्रसंग आलाच तर दूरध्वनीवरून मंजुरी घेऊन रुग्णाला दाखल करण्याची व कागद नंतर देण्याची सोय योजनेत आहे. आरोग्यमित्राला तसे स्पष्ट सांगावे.

मंजुरीनंतर ठरलेल्या उपचारासाठी रुग्णालयाला वेगळे पैसे घेता येत नाहीत. खाट, औषधे, तपासण्या, जेवण हे सर्व त्यात धरलेले असते. तरीही पैसे मागितले तर भांडू नये. पावती मागावी. पावती नाही म्हणाले तर तिथूनच योजनेच्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि जिल्हा समन्वयकांना लेखी द्यावे. त्या वीस हजारांबाबत आम्हाला मात्र तक्रार करता आली नाही, कारण ते रुग्णालय त्या शाखेसाठी योजनेत नव्हतेच. विनंतीअर्ज देऊन, दोनदा जाऊन बसल्यावर त्यांनी बारा हजार परत केले. उरलेले गेले.

रुग्णालय खाजगी असले तरी ते सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले आहे काय हेही पाहावे. अशा धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली ही योजना आहे. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याकडे उत्पन्नाचा दाखला घेऊन जावे. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा मार्गही आहे, पण तो शेवटी धरावा.

डायलिसिस सुरू झाल्यावर

आठवड्यातून तीनदा म्हटले तरी वर्षाला सुमारे दीडशेहून अधिक वेळा जावे लागते, दर वेळी चार तास. त्यामुळे येथे 'जवळचा' हा शब्द महत्त्वाचा होतो. तज्ज्ञ दूर असला तरी चालेल, केंद्र जवळ पाहिजे. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली आणि त्यानंतर जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी मोफत केंद्रे वाढली. आधी तिथे पाळी मिळते काय ते पाहावे. तिथे काम झाले तर योजनेची वार्षिक रक्कम इतर आजारांसाठी शिल्लक राहू शकते. ती रक्कम सबंध कुटुंबाची मिळून असते हे विसरू नये. प्रवासासाठी एस.टी.च्या सवलतींच्या यादीत डायलिसिसचे रुग्ण आहेत, आणि रेल्वेतही मूत्रपिंडाच्या रुग्णांना डायलिसिस व प्रत्यारोपणासाठी जाताना सवलत मिळते. रेल्वेच्या ठराविक नमुन्यात रुग्णालयाचा दाखला लागतो, तो पहिल्याच आठवड्यात मागून घ्यावा.

ते गृहस्थ आता सोमवार, बुधवार आणि शनिवार घरापासून एका एस.टी.च्या अंतरावर डायलिसिसला जातात. महिन्यातून एकदा नागपूरला दाखवितात. बाईंचे कानातले सुटले नाहीत अजून. प्रत्यारोपणासाठी पत्नीच्या तपासण्या चालू आहेत, रक्तगट जुळला आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे लागणारे नात्याचे पुरावे गोळा करण्याचे काम आमचे तेच दोन विद्यार्थी करीत आहेत. लग्नाची नोंद झालेली नव्हती, ती आता करावी लागली.

आम्ही कार्यालयात एक वही ठेवली आहे. आपल्या जिल्ह्यात नेफ्रॉलॉजीसाठी अंगीकृत असलेली रुग्णालये, तज्ज्ञ येण्याचे वार, आरोग्यमित्राच्या बसण्याची वेळ आणि शेवटची खात्री केल्याची तारीख त्यात लिहिलेली आहे. यादी बदलत असते, म्हणून दर तीन महिन्यांनी फोन करून ती ताजी करतो. बारावी शास्त्राच्या पुढील विद्यार्थ्यांपैकी ज्यांना हे काम करावयाचे असेल त्यांनी रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात भेटावे. येताना घरची शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर आणावे.